आठ आण्याची फट

माधव नगर, उज्जैन
१० ऑगस्ट १९९४

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझी घडीची सायकल काल ट्रान्सपोर्टवाल्याकडून घरी आली. खोका उघडताना अर्धी गल्ली जमा झाली होती. अनिलने बिजागरी सरळ करून खटका लावला आणि सायकल उभी राहिली, तेव्हा समोरच्या काकूंनी हात जोडले. एवढीशी चाकं बघून सगळ्यांना वाटलं की ही बिचारी आपलं वजन काय पेलणार. मी बसून टॉवर चौकापर्यंत जाऊन आले, तर चालायला गुणी आहे. तुमच्या जपानी साहेबांनी परत जाताना ही तुला दिली आणि तू मला दिलीस. तुला काय म्हणू?

तू दूर आहेस म्हणून इथलं मोकळेपणानं लिहिते. मिल बंद झाल्यापासून अनिल रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि दुपारी गप्प परत येतो. आता घर माझ्या नोकरीवर आहे. बोरद्याची शाळा नवीन आहे, इंग्लिश मिडियम. गावातल्या शेतकऱ्यांनाही आता तेच हवंय. सकाळच्या शटलने बोरदा स्टेशन, तिथून पुढे कच्च्या सडकेनं गाव. ना बस, ना टेम्पो. चालत गेलं की प्रार्थना चुकते. सध्या मला कच्चं ठेवलंय, पक्कं करायचं की नाही ते डिसेंबरात ठरेल आणि वेळेवर येणं ही पहिली अट आहे. सायकल घडी करून डब्यात नेता येईल, म्हणूनच तुझ्यामागे लागले होते.

माईंना सायकल पसंत नाही. सासूबाई म्हणून त्या कधी आडव्या येत नाहीत, पण त्यांचं मन फार घाबरट झालंय. एक वाईट घडलं की त्यामागून दुसरं येतंच, असं त्यांना वाटतं. काल त्यांनी हँडलच्या बिजागरीला हरसिद्धी देवीच्या रक्षेचा लाल दोरा, ज्याला इथे नाडा म्हणतात, तो आणि लिंबू-मिरची बांधली. घडी मिटेना, म्हणून मी सोडून ठेवली. माईंचं तोंड उतरलं.

एक सांगायचं राहिलं. पायडलवर जोर दिला की उजवीकडे खर्र खर्र वाजतं. हे काय आहे?

तुझी,
अलका


चिंचवड
१७ ऑगस्ट १९९४

चि. अलकास,
अनेक आशीर्वाद.

खर्र खर्र वाचून माझी झोप उडाली, कारण चूक माझीच असणार. पायडलचे जे दोन दांडे असतात, त्यांना क्रँक म्हणतात. दोन्ही क्रँक एका एक्सलने जोडलेले असतात. साहेबांच्या सायकलचा एक्सल झिजला होता. तसा इथे मिळेना, म्हणून मी देशी बसवला. तो बहुधा केसभर आखूड पडला. त्यामुळे क्रँक आणि त्याला लागून असलेलं दात्यांचं चाक फ्रेमच्या फार जवळ आलंय. जोर दिलास की घासतं.

मिस्त्रीला सांग, उजवीकडचा कप, म्हणजे एक्सलचे छर्रे धरणारी वाटी, सोडून त्याच्या मागे एक पातळ वायसर घालायचा, म्हणजे सगळं तेवढं बाहेर सरकेल. मोजमापाच्या भानगडीत पडू नकोस. आठ आण्याचं नाणं घे. क्रँक आणि फ्रेमच्या मधून ते दोन्ही बाजूंना आरपार गेलं पाहिजे, आणि क्रँक पूर्ण फिरवताना कुठेही अडकता कामा नये. गेलं तर सायकल ठीक. अडकलं तर चालवायची नाही. हे गमतीत घेऊ नकोस. क्रँक मध्येच अडला तर एवढ्या लहान चाकाची सायकल माणसाला सरळ खाली घालते.

अनिलरावांना धीर दे. माईंना नमस्कार.

तुझा,
सुहासदादा


उज्जैन
४ सप्टेंबर १९९४

ती. दादास, सा. न.

वायसर पडला, आवाज गेला. फ्रीगंजच्या मिस्त्रीने आधी सायकल तीनदा उघडून मिटून पाहिली आणि मगच पान्याला हात लावला. आठ आणे दोन्हीकडून आरपार जातात. हे बघताना माई मागे उभ्या होत्या. नाणं कशाला घालतेस म्हणून त्यांनी विचारलं, तर मी सांगितलं की दादाने सांगितलेली परीक्षा आहे, नाणं गेलं की सायकल पास.

शाळा छान चाललीय. स्टेशनात रोज कुणी ना कुणी विचारतं, "बहनजी, ये छतरी जैसी खुलती है क्या?" एका म्हाताऱ्याने तर तिच्या जन्माची हकीकत विचारली. मी सांगितलं, जपानहून आलीय. त्याने तिला नमस्कार केला.

रस्त्याची एकच जागा मला आवडत नाही. गावाच्या अलीकडे एक पुलिया आहे, तिला कठडा नाही. खाली नाला आणि दगड. आणि पुलियावरच चढ सुरू होतो, म्हणजे नेमका तिथे पायडलवर जोर द्यावा लागतो. हे मी घरी बोलायला नको होतं. अनिलला सांगताना माईंनी ऐकलं आणि तेव्हापासून त्या मी घरी येईपर्यंत ओसरीतून हलत नाहीत म्हणे.

अलका


उज्जैन
१६ ऑक्टोबर १९९४

ती. दादास, सा. न.

दसऱ्याला सायकलची पूजा केली, हार घातला, तुझी आठवण काढली. पण खरी बातमी वेगळी आहे. घाबरू नकोस, मी ठीक आहे.

नवरात्रापासून पायडल जड लागायला लागलं होतं. नाणं घालून पाहिलं तर डावीकडून जाईना. फ्रीगंजला नेली. मिस्त्री म्हणाला, "कुछ कचरा फँसा था, निकाल दिया." बोरदा स्टेशनात धान्याच्या पोत्यांची सुतळी जिकडेतिकडे पडलेली असते, तीच गुंतली असेल. दोन-चार दिवस बरं चाललं आणि काल पुन्हा तेच. पुलियाच्या अलीकडे पायडल एकदम अडलं आणि मी आडवी. कोपर सोललं, बांगड्या फुटल्या. पुलियावर असते तर, हा विचार मी करत नाही. तूही करू नकोस.

घरी सांगितलं, स्टेशनच्या पायऱ्यांवर घसरले. माईंनी माझा हात हातात घेऊन नुसता बघितला. नवीन बांगड्या त्यांनीच भरून आणल्या.

शाळेत उशीरही झाला. मुख्याध्यापकांनी वहीत लिहिलं नाही, फक्त घड्याळाकडे पाहिलं. दादा, ही फट कमी का होते?

अलका


चिंचवड
२१ ऑक्टोबर १९९४

चि. अलकास, आ.

तुझं पत्र कारखान्यात नेऊन दोघा-तिघांना दाखवलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, देशी एक्सल सरकतोय. मी मुळात तो बसवायलाच नको होता. तुला चांगलं वाहन द्यायला गेलो आणि अपघात पाठवला.

आता असं कर. डावीकडचा कप आवळून घे आणि त्यामागची चकती घट्ट मारून घे. मी इथे बरोबर मापाचा एक्सल शोधतोय, पण तो मिळायला वेळ लागेल.

दुसरी शंका साडीची आहे. सुतळी कुठून येईल रोज? साडीच्या फॉलचे दोरे, पदराचे गोंडे, हेच क्रँकमध्ये जात असणार. सलवार-कमीज घाल आणि खाली क्लिप लाव. माई नाही म्हणणार नाहीत. म्हणाल्या तर माझं नाव सांग.

रोज नाणं घालून बघत जा. रोज म्हणजे रोज.

दादा


उज्जैन
२९ ऑक्टोबर १९९४

ती. दादास,

तुझं नाव सांगितलं, उपयोग झाला नाही. माई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कपड्यानं काय होणार, अलका? ज्याला पाडायचंय ते कपडे बघून पाडत नाही." मी चिडले. म्हणाले, पाडणारं कोणी नाही, एक्सल आखूड आहे. मग अनिल बोलला, मग मी बोलले, आणि कधी नव्हे ते घरात आवाज चढले. शेवटी मी सलवार-कमीज घालून निघाले. माई दारात आल्या नाहीत. रोज येतात.

आणि गंमत बघ, साडी सोडली तरी फट भरतेच. कप आवळला, चकती मारली. सोमवारी नाणं आरपार गेलं, पण बुधवारी अडकलं आणि शनिवारी तर शिरेचना. काडीने कोरलं की काळं, तेलकट, केसासारखं काहीतरी निघतं. मी वेणी घालून डोक्याला फडकं बांधायला लागलेय, म्हणजे माझी दशा बघ.

काल पुन्हा उशीर झाला, पायडल जड म्हणून सायकल ढकलत नेली. मुख्याध्यापकांनी या वेळी वहीत लिहिलं. म्हणाले, दिवाळीनंतर आणखी एकदा झालं तर डिसेंबरपर्यंत थांबण्याची गरज नाही. अनिलला हे सांगितलेलं नाही. तो हल्ली शर्टाला इस्त्री करत नाही.

पंधरा नोव्हेंबरला शाळा उघडतेय. तोवर एक्सल मिळाला तर बघ. मला भीती वाटते, दादा. पुलिया आली की मी श्वास रोखते.

अलका


उज्जैन
९ नोव्हेंबर १९९४

चि. सुहासराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. दिवाळी तुमची सुखाची गेली असेल.

अलकाच्या सासूचं पत्र बघून नवल वाटेल. तुम्ही मशीनच्या कामातले, म्हणून तुम्हालाच विचारते. घरात कोणाजवळ बोलू नये.

अलका पडली ती पायऱ्यांवर नाही, सायकलवरून पडली. पायऱ्यांवरून पडलेलं मला कळतं. बांगड्या फुटून आलेली सून बघून माझा जीव कसा झाला, ते लिहीत नाही. तिला नोकरी सोड म्हणणार नाही. तिच्यामुळे चूल पेटते, हे मी जाणते. अनिलचं तोंड बघवत नाही.

मी सुरुवातीला हँडलला हरसिद्धीचा नाडा बांधला होता, तो तिने सोडला. घडी मिटत नव्हती, तिचं बरोबर आहे. मग नवरात्रात मी विचार केला, सगळा जोर पायांचा, तर रक्षा पायांपाशी पाहिजे. म्हणून पायडलचे दांडे जिथून फिरतात, त्या मधल्या दांडीला, दोन्ही बाजूंना, आतल्या अंगाने बांधत आले. तिथे दिसतही नाही आणि घडीलाही आड येत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी देवीला जाऊन नवा आणते, सकाळी ती आंघोळीला गेली की बांधते. जुना कुठे जातो कळत नाही, गळून पडत असेल. हात तेलाने काळे होतात, ते राखेने धुते.

तरी ती पडली. म्हणून विचारायचं होतं, जागा बरोबर आहे ना? का आणखी पुढे बांधावा? पंधरा तारखेला शाळा उघडते. त्या दिवसासाठी मी पुजाऱ्याकडून जाड नाडा सांगून आणलाय, तीन-तीन वेढे देईन. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर मनाला आधार होईल.

तुमची,
माई


तार
चिंचवड, १४ नोव्हेंबर १९९४

अलकाने सायकल चालवू नये. पत्र येत आहे. सुहास.


चिंचवड
१४ नोव्हेंबर १९९४

चि. अलकास,

हे पत्र एकटी असताना वाच.

माईंचं पत्र आज दुपारी मिळालं. लगेच तुमच्या शेजारच्या वकिलांकडे फोन लावला, नुसताच वाजतोय, दिवाळीला गेलेले दिसतात. मग तार केली. तार उद्या सकाळी तू निघायच्या आधी पोचेल की नाही, ते देव जाणे. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

एक्सल नाही, साडी नाही, सुतळी नाही. माई नवरात्रापासून तुझ्या क्रँकमागे देवीचा नाडा बांधतायत, मंगळवार-शुक्रवार, दोन्ही बाजूंना. तो फिरत्या एक्सलला गुंडाळत जातो, तेल आणि धूळ पिऊन फुगतो आणि फट बुजवतो. मी तुला कप आवळायला लावून ते आणखी घट्ट केलं. उद्या त्या जाड नाडा बांधणार आहेत.

आता माझं म्हणणं नीट ऐक. हे माईंना कळू द्यायचं नाही. आपल्या हातून सून पडली, हे त्यांना समजलं तर त्या सायकलकडेच नव्हे, तुझ्याकडेही बघू शकणार नाहीत. काहीतरी निमित्त काढून नाडा दुसरीकडे बांधायला सांग. मीही त्यांना तसंच लिहीन.

तू सुखरूप आहेस एवढं कळव. तारेने कळव, पत्राची वाट बघवणार नाही.

दादा


उज्जैन
१८ नोव्हेंबर १९९४

ती. दादास, सा. न.

तार केलीच आहे, आता सविस्तर लिहिते.

तुझी तार पंधराला, शाळा उघडली त्याच दिवशी, दुपारी आली. मी सकाळीच गेले होते. तार म्हणताच माईंनी उंबऱ्यावरच बसकण मारली. अनिलने वाचून दाखवली, तरी त्यांना काही समजेना. अनिल तसाच निघाला, मिळेल त्या ट्रकने बोरद्याला आला. संध्याकाळी मी स्टेशनात पोचले तर बाकावर तो बसलेला. इतक्या महिन्यांनी त्याला कुठेतरी घाईने गेलेलं पाहिलं.

आता सकाळचं. स्टेशनबाहेर सायकल उघडली आणि बसले. चालत होती पण जड. पुलिया समोर दिसली आणि तुझं रोजचं नाणं आठवलं, जे मी घाईत घरी पाहिलं नव्हतं. उतरले. नाणं टेकवलं तर डावीकडून जाईना, उजवीकडूनही जाईना. केसातली पिन काढून कोरलं आणि एक धागा हाताला लागला. ओढला. दादा, तो लाल होता. नवाकोरा, अजून कुंकू लागलेलं.

सुतळीला कुंकू नसतं. मला सगळं एकदम समजलं. तुझं पत्र काल मिळालं, पण मला तिथे पुलियाच्या तोंडाशी, रस्त्यावर बसल्या बसल्या समजलं. मी रडले. मी त्यांच्यावर आवाज चढवला होता, आणि ही बाई रोज माझ्या पायांना राखायला बघत होती. पिनेने कोरकोरून सगळा नाडा काढला, ताजा आणि त्याखालचा काळा जुनाही. मग नाणं आरपार गेलं आणि मी पुलिया ओलांडली.

उशीर झालाच. मुख्याध्यापकांना सांगितलं की सासूबाईंनी रक्षेचा नाडा चाकात बांधला होता. त्यांनी उघडलेली वही मिटली. मग म्हणाले, "मेरी माताजी स्कूटर में बाँधती हैं." पक्कं मात्र केलं नाही. मार्चपर्यंत बघू म्हणाले. तेही काही कमी नाही.

घरी माईंनी मला चाचपून पाहिलं, डोकं, हात, पाय. मी म्हटलं, पोत्याची सुतळी अडकली होती, मिस्त्रीने काढली. त्यांनी मान हलवली. नाड्याचा विषयच मी काढला नाही. ते तूच लिही, तुझं त्यांना पटतं.

तुझी,
अलका


चिंचवड
२४ नोव्हेंबर १९९४

ती. माईंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, क्षमा करावी. तारेने आपण घाबरलात, त्याचंही वाईट वाटतं. ब्रेकबद्दल एक शंका आली होती, ती निराधार ठरली.

नाड्याबद्दल विचारलंत. जागेत दोष काही नाही. फक्त तिथे तेल असतं, देवीची वस्तू तेलाने मळते. त्यापेक्षा सीटखालच्या नळीला बांधावा, तिथे स्वच्छ राहील आणि घडीलाही आड येणार नाही. अलका पडली ती सुतळीमुळे, हे मिस्त्रीने पाहिलंच आहे. आपण मनाला लावून घेऊ नये.

आपला,
सुहास


उज्जैन
१० डिसेंबर १९९४

चि. सुहासराव यांस, अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. किती जपून लिहिलंत. तुमच्या आईने तुम्हा दोघांना चांगलं वळण लावलंय.

पण मी तुळशीला रोज पाणी घालते, हे अलका विसरली. शाळा उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी घालताना कुंडीतली माती उकरलेली दिसली. बोटाने बाजूला केली तर आत नाड्याचे तुकडे. काही लाल, काही कोळशासारखे काळे. गाठी माझ्याच होत्या. मी सात गाठींचा नाडा बांधते, दुसरं कोणी बांधत नाही. मिस्त्रीने काढलेली सुतळी असती तर तिने तुळशीत ठेवली असती का? रस्त्यावर टाकवेना म्हणून बिचारीने तो माझ्याच तुळशीत आणून पुरला.

त्या दिवशी मी जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगितलं. मीच तिला पाडलं, सुहासराव. पुलियावर पाडलं असतं तर माझ्या देवीलाही मी तोंड दाखवू शकले नसते.

मी माती परत होती तशी सारखी केली. अलका मला काही बोलली नाही आणि मीही तिला काही बोलणार नाही. तिला वाटू दे की मला माहीत नाही. तुम्हीही कळू देऊ नका. एवढं माझं ऐका.

नाडा आता कुठेच बांधत नाही, सीटखालीही नाही. सकाळी ती आंघोळीला गेली की ओसरीत सायकलपाशी बसते. देवापुढचं आठ आण्याचं नाणं घेते. पायडल हाताने हळूहळू पूर्ण फिरवते आणि नाणं मधून सरकवते, आधी उजवीकडून, मग डावीकडून. तुम्ही तिला सांगितलं होतं ना, तसंच. गुडघे दुखतात, पण तेवढं चालतं. मग नाणं कपाळाला लावून परत देवापुढे ठेवते आणि तिला दारापर्यंत सोडायला जाते.

आज दोन्हीकडून आरपार गेलं.

तुमची,
माई